दारफुरसाठी काँग्रेसमनला पत्र: नेमकं काय मागायचं आणि कोणाकडे

एडिसन, न्यू जर्सीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा: "२६ ऑक्टोबर २०२५ ला सुदानच्या दारफुर भागातलं एल फाशर शहर आरएसएफच्या (रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाच्या) हाती गेलं. तेव्हापासून मी माझ्या काँग्रेसमनला वेबसाइटवरून तीनदा लिहिलं की यूएईवर दबाव आणा, हा वंशसंहार थांबवा. तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. याहून वेगळं काय करता येतं? आणि पुण्यातला माझा भाऊ त्याच्या खासदाराकडे काही मागू शकतो का?"

आधी छापील उत्तराबद्दल. ते ऑफिसच्या बेपर्वाईमुळे येतं असं नाही. "दबाव आणा" या दोन शब्दांवर करण्यासारखं काही नसतं, म्हणून ते येतं. पत्रव्यवहार सांभाळणारा कर्मचारी तुमचा मजकूर वाचतो, "सुदान" या गठ्ठ्यात टाकतो, आणि त्या गठ्ठ्यासाठी एक उत्तर आधीच मंजूर झालेलं असतं. गठ्ठ्यातून बाहेर पडायचं तर पत्रात अशी मागणी हवी जिला "हो" किंवा "नाही" याशिवाय उत्तरच नाही. काँग्रेसमन अबुधाबीला हुकूम देऊ शकत नाही. पण अबुधाबीला जे हवं आहे त्यातल्या काही गोष्टींची दोरी त्याच्या हातात असते. ती दोरी ओळखायची आणि तीच ओढायला सांगायची. खालचा सगळा तपशील त्यासाठी आहे.

यूएईचंच नाव का, हे पत्र लिहिणाऱ्याला दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. सुदानमधलं युद्ध १५ एप्रिल २०२३ ला सुरू झालं. एका बाजूला जनरल बुऱ्हान यांचं लष्कर, दुसऱ्या बाजूला हेमेदती यांची आरएसएफ. ही आरएसएफ २०१३ मध्ये उभी राहिली ती जंजावीद टोळ्यांमधून, म्हणजे २००३-०४ मध्ये दारफुरची गावं जाळणाऱ्यांमधून. त्या जुन्या गुन्ह्यांसाठी आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने जंजावीदचा म्होरक्या अली कुशायब याला ६ ऑक्टोबर २०२५ ला दोषी ठरवलं आणि डिसेंबरमध्ये २० वर्षांची शिक्षा दिली. दारफुरच्या खटल्यांत दोषी ठरलेला तो पहिला माणूस. निकाल लागायला वीस वर्षं गेली, आणि निकालानंतर तीन आठवड्यांत एल फाशर पडलं.

दारफुरमधल्याच एल जेनीना शहरात २०२३ साली मसालीत जमातीचे १० ते १५ हजार लोक मारले गेले असावेत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञमंडळाने दिला. एल फाशरला दीड वर्ष वेढा होता. शहराभोवती आरएसएफने मातीचा बांध घातला. येल विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने उपग्रहाच्या चित्रांवर तो आठवड्या-आठवड्याला लांबत जाताना दाखवला. आत लोक काय खात होते? अंबाझ. शेंगदाण्याचं तेल काढल्यावर घाण्यात उरते ती पेंड, आपल्याकडे गुरांना घालतात ती. सामुदायिक स्वयंपाकघरांतून ती शिजवून माणसांना वाढली जात होती, आणि पुढे तीही मिळेनाशी झाली. शहर पडल्यावर तिथल्या सौदी प्रसूतिगृहात रुग्ण आणि सोबतचे नातेवाईक मिळून ४६० हून अधिक लोक मारले गेल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं.

आता पुरवठ्याची बाजू. जानेवारी २०२४ मध्ये सुरक्षा परिषदेला मिळालेल्या अहवालात तज्ज्ञमंडळाने म्हटलं की, यूएईतून चाडमधल्या अमजरासच्या विमानतळामार्गे आरएसएफला शस्त्रं जातात हे आरोप विश्वासार्ह आहेत. ७ जानेवारी २०२५ ला अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने आरएसएफने वंशसंहार केल्याचा अधिकृत निष्कर्ष जाहीर केला, आणि त्याच दिवशी हेमेदतींबरोबर यूएईतल्या सात कंपन्यांवर निर्बंध घातले. सुदानचं बरंचसं सोनं दुबईच्या बाजारात पोहोचतं, हा पैशाचा दुवा. यूएई सरकार शस्त्रं पुरवल्याचा आरोप फेटाळतं. पत्रात तेही एका वाक्यात लिहा. ज्या पत्रात समोरच्याचं म्हणणं नोंदवलेलं असतं, ते ऑफिसात अभ्यासू माणसाचं पत्र म्हणून वाचलं जातं.

न्यायालयाचा रस्ता का नाही, हा प्रश्न हमखास येतो. सुदानने ५ मार्च २०२५ ला यूएईविरुद्ध हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला होता. ५ मे ला न्यायालयाने तो पटावरून काढून टाकला, कारण वंशसंहारविरोधी करारात सामील होताना यूएईने नवव्या कलमाला, म्हणजे न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राला, हरकत नोंदवून ठेवली आहे. शस्त्रं दिली की नाही यावर न्यायालयाने मत दिलंच नाही. मात्र याच न्यायालयाचा फेब्रुवारी २००७ चा बोस्निया विरुद्ध सर्बिया हा निकाल उपयोगाचा आहे. वंशसंहार करणाऱ्यांवर ज्या देशाचा परिणामकारक प्रभाव चालतो, त्याने तो वापरलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी गंभीर धोका कळल्या क्षणापासून सुरू होते, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. "आमचा काय संबंध" या उत्तराला त्यात जागा नाही. ही जबाबदारी यूएईची आहे, आणि यूएईला शस्त्रं विकणाऱ्या अमेरिकेचीही.

असा दबाव कधी चालला का? २००७ चं उदाहरण बारकाईने पाहण्यासारखं आहे, कारण त्यात यशही आहे आणि फसगतही.

तेव्हा प्रभाव असलेला देश होता चीन. सुदानच्या तेलाचा सर्वात मोठा गिऱ्हाईक, आणि तिथल्या मुख्य तेल कंपनीत चिनी सरकारी कंपनीचा ४० टक्के वाटा. (याच कंपनीत २००३ पासून २५ टक्के वाटा आपल्या ओएनजीसी विदेशचा होता, हे मराठी वाचकांनी विसरू नये.) दारफुरवरच्या सुरक्षा परिषदेच्या ठरावांना चीन तटस्थ राहत असे. ऑगस्ट २००६ च्या ठराव १७०६ ने संयुक्त राष्ट्रांची फौज मंजूर केली, पण खार्तुमच्या, म्हणजे सुदान सरकारच्या, संमतीची अट त्यात होती आणि खार्तुमने संमती दिली नाही. मग २००७ च्या वसंतात बीजिंग ऑलिंपिकला धरून मोहीम उभी राहिली. मे महिन्यात अमेरिकन प्रतिनिधीगृहाच्या १०८ सदस्यांनी चीनच्या राष्ट्राध्यक्षांना पत्र लिहिलं. ५ जूनला चीनने सुदानवरचा आपला प्रभाव वापरावा असं सांगणारा ठराव प्रतिनिधीगृहात ४१० विरुद्ध ० मतांनी झाला. याच महिन्यांत चीनचा सहायक परराष्ट्रमंत्री दारफुरच्या छावण्या पाहून आला आणि लिऊ ग्वेईजिन यांची खास दूत म्हणून नेमणूक झाली. जूनमध्ये खार्तुमने संयुक्त फौजेला होकार दिला. ३१ जुलैला ठराव १७६९ एकमताने मंजूर झाला, चीनच्या मतासह: १९,५५५ सैनिक आणि सहा हजारांवर पोलीस.

यात जमलं काय, ते बघा. मागणी एकच होती: खार्तुमला फौज स्वीकारायला लावा. चीनला ती करता येण्यासारखी होती आणि तिची मुदत ऑलिंपिकच्या तारखेने ठरवून दिली होती. फसलं ते पुढे. फौज कागदावर मंजूर झाल्यावर मोहिमेचा जोर ओसरला. जानेवारी २००८ ला काम सुरू झालं तेव्हा सैनिक-पोलीस मिळून जेमतेम नऊ हजार होते, आणि वाळवंटातल्या कामासाठी लागणारी हेलिकॉप्टरं महिनोन्महिने कोणत्याच देशाने दिली नाहीत. "हो" मिळवण्याची मागणी झाली, पण अंमलबजावणीची तारीख आणि ती तपासणारा माणूस मागायचं राहून गेलं.

ही चूक थोड्या वेगळ्या रूपात पुन्हा झाली, अलीकडेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये यूएईला सुमारे १.२ अब्ज डॉलरची रॉकेटं विकायचा प्रस्ताव काँग्रेसपुढे आला. सिनेटर ख्रिस व्हॅन हॉलन आणि काँग्रेसवुमन सारा जेकब्स यांनी तो अडवायला ठराव मांडले. डिसेंबरमध्ये व्हाइट हाउसने लेखी कळवलं की, यूएई आरएसएफला शस्त्रं देत नाही आणि देणार नाही असं आश्वासन मिळालं आहे, आणि १७ जानेवारीपर्यंत त्याची पडताळणी करू. ठराव मागे घेतला गेला. २४ जानेवारी २०२५ ला त्याच दोघांनी सरकारकडून मिळालेल्या माहितीच्या आधारे जाहीर केलं की यूएई आरएसएफला शस्त्रं पुरवतच आहे. यातली पडताळणीची तारीख कामाची ठरली, तिच्यामुळे खोटं उघडं पडलं. पण तोवर अडवण्याची दोरी हातातून सुटली होती. म्हणून पडताळणी आधी, सवलत नंतर, हा क्रम पत्रात स्पष्ट मागा.

आता दोऱ्या कोणत्या. सर्वात सरळ आहे सहप्रायोजक होण्याची, म्हणजे दुसऱ्याने मांडलेल्या विधेयकाला आपलं नाव जोडण्याची. स्टँड अप फॉर सुदान ॲक्ट या नावाचं विधेयक व्हॅन हॉलन आणि जेकब्स यांनी मार्च २०२५ मध्ये मांडलं: यूएई आरएसएफला मदत करत नाही असं राष्ट्राध्यक्ष प्रमाणित करेपर्यंत यूएईला शस्त्रविक्री बंद. काँग्रेसच्या संकेतस्थळावर विधेयकाचं नाव टाकलं की सहप्रायोजकांची यादी दिसते. तुमच्या माणसाचं नाव आहे की नाही हे पत्र लिहिण्याआधी पाहा. नाव असताना "सहप्रायोजक व्हा" लिहिलंत तर पत्र तिथेच संपतं. हे विधेयक ३ जानेवारी २०२७ ला ही काँग्रेस संपली की आपोआप बाद होईल, नव्या काँग्रेसमध्ये नव्या क्रमांकाने आणावं लागेल. जुना क्रमांक घालून पाठवलेली पत्रं दर दोन वर्षांनी ढिगाने येतात.

दुसरी दोरी शस्त्रविक्री अडवण्याच्या ठरावाची. यूएईसारख्या देशाला १.४ कोटी डॉलरच्या वरची मोठी युद्धसामग्री विकायची तर सरकारला काँग्रेसला ३० दिवस आधी कळवावं लागतं. त्या ३० दिवसांत नामंजुरीचा ठराव आणता येतो, आणि सिनेटमध्ये समितीत अडकला तरी १० दिवसांनी एकटा सिनेटरही तो सभागृहापुढे मतदानासाठी आणू शकतो. प्रतिनिधीगृहात तशी सोय नाही, म्हणून या कामासाठी सिनेटर गाठायचा. अडचण लपवण्यात अर्थ नाही: राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरू शकतात, २०१९ मध्ये सौदी आणि यूएईच्या बाबतीत तसं झालं, आणि दोनतृतीयांश मतं जमली नाहीत. जून २०२५ मध्ये यूएईच्या चिनूक हेलिकॉप्टरांवर आणलेला ठराव सिनेटमध्ये पडला. मग कशासाठी? मतदान लागलं की प्रत्येक सिनेटरला बाजू घ्यावी लागते, सरकारला समितीपुढे माहिती द्यावी लागते, आणि खरेदीदाराला आपल्या नावाचा हिशेब जाहीरपणे होताना दिसतो. डिसेंबर २०२४ चं लेखी आश्वासन ठराव टांगलेला होता म्हणूनच मिळालं होतं.

तिसरी, औपचारिक सूचनेच्या आधीची. परराष्ट्र व्यवहारविषयक दोन समित्यांचे चार प्रमुख, म्हणजे दोन्ही पक्षांचे मिळून चौघे, विक्रीचा प्रस्ताव आधी बघतात आणि रोखून धरू शकतात. ही रूढी आहे, कायदा नव्हे. सरकार ती डावलू शकतं. हे चौघे तुमच्या राज्यातले नसतील तर तुमच्या पत्राला तिथे वजन नाही. त्यासाठी तुमच्या प्रतिनिधीला सांगा की त्या चौघांना पत्र लिहा. सदस्याने सदस्याला लिहिलेलं पत्र वाचलं जातं.

न्यू जर्सीवाल्यांना इथे वेगळी सोय आहे. प्रतिनिधीगृहाच्या आफ्रिका उपसमितीचं नेतृत्व वर्षानुवर्षं करणारे ख्रिस स्मिथ न्यू जर्सीचे, आणि सिनेटच्या आफ्रिका उपसमितीचं अध्यक्षपद सांभाळलेले कोरी बुकरही न्यू जर्सीचे. बुकर तर सगळ्या राज्याचे, म्हणजे एडिसनचेही. स्मिथ यांचा मतदारसंघ मॉनमथ आणि ओशन काउंटीकडचा. तिकडे राहणाऱ्या मराठी मंडळींना बरोबर घ्या, पत्र त्यांच्या सहीने जाऊ द्या. यांच्याकडे मागणी सुनावणीची: यूएईतल्या निर्बंधित कंपन्यांचं पुढे काय झालं, यावर परराष्ट्र खात्याच्या आणि ट्रेझरीच्या (अर्थखात्याच्या) अधिकाऱ्यांना शपथेवर बोलवा.

पत्र एका पानाचं, इंग्रजीत, साधारण दोनशे ते अडीचशे शब्दांचं. त्याचा सांगाडा मराठीत असा:

"मी तुमच्या मतदारसंघात राहते, झिप कोड अमुक. माझी एकच विनंती आहे: स्टँड अप फॉर सुदान ॲक्टचे सहप्रायोजक व्हा. ७ जानेवारी २०२५ ला आपल्याच परराष्ट्र खात्याने आरएसएफने वंशसंहार केल्याचं जाहीर केलं आणि यूएईतल्या सात कंपन्यांवर निर्बंध घातले. त्याच महिन्यात दोन लोकप्रतिनिधींनी सरकारी माहितीवरून यूएईच्या शस्त्रपुरवठ्याला दुजोरा दिला. यूएई हे नाकारतं. नाकारत असेल तर प्रमाणपत्राची अट त्याला जड जाऊ नये. ऑक्टोबर २०२५ मध्ये एल फाशर पडलं. तुमचा निर्णय अमुक तारखेपर्यंत लेखी कळवावा. त्या आठवड्यात मी तुमच्या परराष्ट्र धोरण पाहणाऱ्या सहायकांना फोन करीन."

पहिल्या दोन ओळींत पत्ता आणि मागणी. पत्ता नसेल तर पत्र बाजूला पडतं, कारण दुसऱ्या मतदारसंघातल्या पत्राला उत्तर न देण्याचा तिथे शिरस्ता आहे. पुरावा सरकारचाच द्या. तो खोडायला कर्मचाऱ्याला वेळ घालवावा लागत नाही. प्रेतांची छायाचित्रं जोडू नका. आणि शेवटची ओळ खरी करा, फोन खरोखर करा.

टपालाने पाठवू नका. २००१ मध्ये अँथ्रॅक्सची पाकिटं आल्यापासून कॅपिटॉलची टपालं बाहेर तपासून, किरणोत्सर्गातून काढून मग पोहोचतात; आठवडे जातात, आणि ३० दिवसांच्या मुदतीतला बराच वेळ तुम्ही तिथेच घालवता. वेबसाइटचा फॉर्म भरा, आणि त्याच दिवशी स्थानिक ऑफिसात पत्राची प्रत हातात नेऊन द्या. तयार मजकूर शेकडो जणांनी जसाच्या तसा पाठवला तर संगणक तो एका गठ्ठ्यात मोजतो. पन्नास लोकांनी पहिली दोन वाक्यं स्वतःची लिहिली तर तो पन्नास पत्रांचा ऐवज होतो. रुवांडातल्या १९९४ च्या वंशसंहारानंतर सिनेटर पॉल सायमन यांनी खंत व्यक्त केली होती की, संकट उभं राहत असताना प्रत्येक सदस्याला आपल्या भागातून शंभर पत्रं आली असती तरी अमेरिकेची पावलं वेगळी पडली असती. शंभर! कुठल्याही महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात एका रांगेत त्याहून जास्त लोक प्रसादाला उभे असतात.

फोनसाठी कॅपिटॉलचा स्विचबोर्ड २०२-२२४-३१२१. सदस्याचं नाव सांगितलं की जोडून देतात. चाळीस सेकंदांत आटोपा: नाव, झिप, एक मागणी, "उत्तर हवं आहे." रात्री ठेवलेला व्हॉइसमेलही मोजला जातो, त्यामुळे फोनवर बोलायला संकोच वाटणाऱ्यांनी रात्री नऊनंतर करावा.

सर्वात जास्त उपयोग भेटीचा. ऑगस्टच्या सुटीत सदस्य मतदारसंघात असतात. तीन-चार आठवडे आधी लेखी वेळ मागा. वॉशिंग्टनमधल्या परराष्ट्र धोरण सहायकाची व्हिडिओ भेट मिळाली तर ती कमी समजू नका, शिफारशीचं टिपण तोच लिहितो. चार-पाच जणच जा. वेळ पंधरा-वीस मिनिटं मिळते. एकाने परिस्थिती मांडायची, तीन मिनिटांत. एकाने मागणी सांगायची. एकाने फक्त लिहून घ्यायचं. मागणी पाचव्या मिनिटाच्या आत आली पाहिजे. आपल्याकडची सवय अशी की आधी चहापाणी, ओळखीपाळखी, मुलं कुठल्या कॉलेजात, आणि कामाचं बोलणं दारातून निघताना. इथे ते महागात पडतं, कारण मतदानाची घंटा झाली की समोरचा माणूस उठून जातो.

तो म्हणेल, "आम्ही विचार करू." त्यावर विचारा: "निर्णयासाठी कोणती माहिती कमी पडते, आणि कोणत्या तारखेपर्यंत ठरेल?" तो म्हणेल, यूएई मित्र आहे, तिथे अल धफ्राला आपला हवाई तळ आहे. उत्तर: म्हणूनच आपलं ऐकलं जाईल, सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिका, सौदी, इजिप्त आणि यूएई या चौघांनी मिळून तीन महिन्यांच्या मानवतावादी युद्धविरामाचं आवाहन केलं होतं, विधेयक त्याच दिशेने जातं. तो म्हणेल, सुदानचं लष्करही गुन्हे करतं. खरं आहे. बुऱ्हान यांच्यावरही अमेरिकेचे निर्बंध आहेत, आणि लष्कराने रासायनिक अस्त्रं वापरल्याचं अमेरिकेने मे २०२५ मध्ये जाहीर केलं. हे आपणहून मान्य करा. लष्कराची बाजू घेतल्यासारखं बोललात की पुढच्या भेटीचा दरवाजा बंद होतो. निघण्याआधी एक पान ठेवा, संध्याकाळपर्यंत आभाराचा ईमेल पाठवा आणि त्यात "आपण अमुक तारखेला कळवणार असं ठरलं" हे वाक्य घाला. जे ईमेलमध्ये नाही ते ठरलंच नव्हतं असं समजा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आपल्या व्हॉट्सॲप गटांवर हा विषय येतो तेव्हा बऱ्याचदा त्याला धर्माचा रंग देऊन येतो. दारफुरमध्ये मारले जाणारे मसालीत, फूर, झगावा हे मुसलमानच आहेत. छळ होतो तो अरब नसल्यामुळे, काळ्या कातडीमुळे, जमिनीसाठी. या भूमीवरच्या माणसांच्या मरणाचा आपल्या भांडणासाठी वापर करू नका. तसं एक वाक्य पत्रात आलं तरी ऑफिस ते पत्र पुढे नेत नाही, आणि सुदानी लोक, ज्यांच्या बाजूने तुम्ही उभे राहताय, तेही तुमच्यापासून दूर होतात. न्यू जर्सी, फिलाडेल्फियाच्या परिसरातल्या सुदानी कुटुंबांना शोधा, भेटीत त्यांना आधी बोलू द्या.

सुरक्षिततेचं एक. यूएईत ऑनलाइन लिखाणावरचा २०२१ चा सायबर कायदा फार कडक आहे. तुमचे नातेवाईक दुबई-शारजात असतील तर त्यांना सह्यांच्या मोहिमेत ओढू नका, त्यांना टॅग करू नका, त्यांच्याकडून माहिती मागवू नका. अमेरिकेत एच-१बी वर असलेल्यांना मात्र लोकप्रतिनिधीला लिहिण्याचा पूर्ण हक्क आहे. मतदारसंघात राहणं पुरेसं, नागरिकत्व लागत नाही. निवडणुकीसाठी देणगी मात्र एच-१बीवाल्याने द्यायची नाही, ती ग्रीनकार्डधारक आणि नागरिकच देऊ शकतात.

महाराष्ट्र मंडळाच्या नावाने पत्र द्यायचं का? बहुतेक मंडळं ५०१(सी)(३), म्हणजे करमुक्त धर्मादाय संस्था, अशा नोंदणीची असतात. त्यांना थोडी लॉबिंग चालते. ५०१(एच) चा पर्याय निवडून ठेवला तर मर्यादा आकड्यात मिळते: पहिल्या पाच लाख डॉलरपर्यंतच्या खर्चाच्या २० टक्के, आणि लोकांना "तुम्ही फोन करा" असं सांगण्यावर त्याचा चौथा भाग. त्याचा फॉर्म ५७६८ एकदाच भरायचा. उमेदवाराला पाठिंबा किंवा विरोध मात्र अजिबात नाही, व्यासपीठावरून सहज निघालेला एक शब्दसुद्धा नाही. कार्यकारिणीत एकमत होणार नसेल तर मंडळाचा हट्ट सोडा, सभासदांनी वैयक्तिक पत्रं लिहावीत. त्यांना काहीच मर्यादा नाही.

आता पुण्याच्या भावाचं. भारताने वंशसंहारविरोधी करार १९५९ मध्ये मंजूर केला, आणि यूएईप्रमाणेच नवव्या कलमाला हरकत ठेवली. एप्रिल-मे २०२३ मध्ये ऑपरेशन कावेरीतून सुमारे ३,८०० भारतीय सुदानमधून सुखरूप आणले गेले, आणि यूएईशी आपला २०२२ पासून व्यापक व्यापार करार आहे. म्हणजे दोन्हीकडे भारताचं बोलणं चालतं. खासदाराच्या हातातलं सर्वात सोपं साधन म्हणजे लोकसभेतला अतारांकित प्रश्न, ज्याचं उत्तर लेखी मिळतं. सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी, प्रश्न १५० शब्दांच्या आत. परराष्ट्र मंत्रालयाची उत्तरं लोकसभेत बहुधा शुक्रवारी येतात.

इथे एक नियम सगळ्यांना अडवतो: मित्रदेशाचा अनादर होईल असा उल्लेख प्रश्नात चालत नाही. "यूएई आरएसएफला शस्त्रं देत असताना सरकार गप्प का" असा प्रश्न सचिवालयातच नाकारला जाईल. तोच असा लिहा: "(क) एल फाशरमधील नागरिकांच्या हत्यांबाबत सरकारने कोणती भूमिका घेतली आहे, (ख) दारफुरवरील शस्त्रबंदीचा, म्हणजे सुरक्षा परिषदेच्या ठराव १५९१ चा, अंमल व्हावा यासाठी सरकारने आखाती भागीदार देशांशी चर्चा केली आहे काय, असल्यास तपशील काय, (ग) सुदानमधून आयात होणाऱ्या किंवा तिसऱ्या देशामार्गे येणाऱ्या सोन्याच्या उगमाची तपासणी कशी होते?" तिसरा भाग अर्थ किंवा वाणिज्य मंत्रालयाकडे वळवला जाण्याची शक्यता मोठी, म्हणून तो स्वतंत्र प्रश्न म्हणून दिलेला बरा. मसुदा मतदारसंघातल्या कार्यालयात देऊन थांबू नका. दिल्लीतल्या खासगी सचिवाकडे अधिवेशनाच्या तीन आठवडे आधी, टाइप केलेला, मंत्रालयाचं नाव वर लिहून पाठवा. दिवसाला एका खासदाराला पाचच सूचना देता येतात, आणि ज्याचा मसुदा तयार असतो त्याचाच प्रश्न जातो. उत्तर त्याच दिवशी संसदेच्या संकेतस्थळावर येतं. त्यात "सरकार परिस्थितीवर लक्ष ठेवून आहे" एवढंच असेल, तर पुढच्या अधिवेशनात तेच वाक्य उद्धृत करून तारखा विचारा: लक्ष ठेवताना कोणाशी, कोणत्या दिवशी बोलणं झालं.